मंदिरातला लाल मेपल लाकडी ब्लॉकवरून छापताना: कुठला टप्पा आधी, कुठला नंतर

मोकुहांगा म्हणजे पाण्यात कालवलेला रंग, तांदळाची खळ आणि हाताने घासायचा बारेन यांच्या साहाय्याने लाकडी ब्लॉकवरून छापायची जपानी पद्धत. ही पद्धत शिकणारे बहुतेक जण दुसरं-तिसरं चित्र निवडतात ते शरदातल्या मंदिराचं: वर कौलारू छप्पर, खाली लाल मेपल. पुढची तक्रारही ठरलेली असते. "लाल नीट येत नाही." कुणाचा लाल तपकिरी होतो, कुणाचा ठिपक्या-ठिपक्यांचा उमटतो, कुणाचा फांदी सोडून बाजूला सरकतो. मग ते रंगाची ट्यूब बदलतात आणि पुन्हा तेच होतं.

मी अशा बऱ्याच प्रिंट हातात घेऊन पाहिल्या आहेत. दोष लाल रंगात फार क्वचित सापडतो. लाल बिघडतो तो लालची वाटी समोर घेण्याआधीच: चित्र वेगळं करताना, कागद ओला करताना, खालचा पिवळा छापताना. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे आणि प्रत्यक्ष लाल छापण्याला कमी.

उदाहरण म्हणून एकच दृश्य घेऊ. क्योतोच्या तोफुकु-जी मंदिरात एका दरीवर त्सूतेन्क्यो नावाचा छप्पर असलेला लाकडी पूल आहे. गाउन्क्यो या शेजारच्या पुलावरून पाहिलं की मेपलच्या शेंड्यांवर तरंगल्यासारखा तो दिसतो. जपानी चित्रकार हिरोशिगेने १८३४ च्या सुमाराच्या क्योतोच्या चित्रमालेत हा पूल घेतला होता. न रंगवलेलं जुनं लाकूड, राखाडी कौलं आणि खाली पानांचा समुद्र, एवढंच. शिकायला हे दृश्य चांगलं, कारण इथे लालशी भांडणारा दुसरा लाल नाही. शेंदरी पॅगोडा घेतलात तर दोन लाल एकमेकांना मारतात. ते पहिल्या खेपेला नको.

## सामान

चित्राचा आकार १५ × २० सें.मी. ठेवा. कागद त्याहून चारही बाजूंनी अडीच-तीन सें.मी. मोठा.

लाकूड: जपानी कारागीर रानचेरीच्या फळ्या वापरतात. शिकणाऱ्याला शिना (जपानी लिंडन) लाकडाचं प्लायवूड पुरतं. तीन तुकडे घ्या. दोन्ही बाजू कोरल्या की सहा ब्लॉक होतात. फर्निचरचं साधं प्लायवूड घेऊ नका, बारीक रेषेचे कपचे उडतात.

कागद: कोझोच्या (कागदी तुतीच्या सालीच्या) लांब धाग्यांचा, आणि सरस-तुरटीचा हात दिलेला. जपानीत या हाताला 'दोसा' म्हणतात. तो नसेल तर काळी रेषा टिपकागदावरच्या शाईसारखी फुटते. आपल्याकडचा सुती चिंध्यांचा हातकागद दिसायला देखणा असतो, पण त्याचे धागे आखूड. सहा वेळा ओला घासल्यावर बऱ्याचदा त्याचे लव उठतात. आधी एका तुकड्यावर करून बघा.

खळ: एक भाग तांदळाचं पीठ, सात भाग पाणी. थंड पाण्यात गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहा. मिश्रण पांढरं असताना उतरवू नका. काचेसारखं पारदर्शक झालं की उतरवा आणि मलमलीतून गाळा. निवल्यावर पातळ दह्याइतकी दाट हवी. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्या. फेविकॉल चालत नाही. ते वाळलं की ब्लॉकचे बारीक कोपरे कायमचे बुजतात.

ब्रश: घोड्याच्या केसांचा बुटांचा ब्रश चालतो, पण तसाच नाही. केसांची टोकं तापलेल्या तव्यावर हलकेच चटकवा आणि ओल्या पॉलिश पेपरवर घासून मऊ करा. हे केलं नाही तर छापात ब्रशच्या रेघा दिसतात.

बारेन: खरा बारेन म्हणजे बांबूच्या सालीच्या दोरीचं वेटोळं, वरून बांबूचंच पान बांधलेलं. तो महाग असतो, सुरुवातीला प्लॅस्टिकचा चालेल. चमच्याने मात्र मोठा सपाट भाग कधीच एकसारखा दाबला जात नाही.

रंगाबद्दल थोडं थांबतो, कारण इथे हौसेपायी चुका होतात. जुन्या प्रिंटमधला 'बेनी' हा लाल करडईच्या फुलांचा आहे. हो, आपल्या सोलापूर-मराठवाड्यातलीच करडई. तो सुरेख असतो आणि उजेडात उडतो. 'तान' म्हणजे शेंदूर. शेंदूर हवेत काळवंडतो आणि त्यात शिसं असतं, त्यामुळे तो घरातल्या टेबलावर आणूच नका. 'बेंगारा' म्हणजे गेरूच्या जातीचा तांबडा. तो पक्का असतो, खोडांना आणि लाकडाला उत्तम. पानांसाठी ट्यूबमधला क्विनाक्रिडोन लाल घ्या. अलिझरीन क्रिमझन फिका पडतो.

## टप्पा १: चित्राचे थर वेगळे करणं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्या छपाईत दुरुस्त होत नाहीत.

पहिली चूक, प्रत्येक पानाला काळी बाह्यरेषा. पाच टोकांची शंभर पानं काळ्या रेषेत काढली की झाड तारेच्या जाळीसारखं दिसतं. काळ्या ब्लॉकवर फक्त पूल, कौलांच्या ओळी, खोडं आणि मुख्य फांद्या ठेवा. पानं रंगाच्या ब्लॉकमधूनच येऊ द्या. अगदी पुढे, कडेशी असलेली पाच-सहा पानं हवी तर रेषेत घ्या. त्यांच्यावरून नजर मागच्या गर्दीला आपोआप पानं समजते.

दुसरी चूक, सगळं झाड एकाच लाल रंगाचं. जपानी 'इरोहा मोमिजी' मेपल एकदम लाल होत नाही. उन्हातले वरचे, बाहेरचे शेंडे आधी रंगतात; आतली आणि खालची पानं हिरवट राहतात. म्हणून तीन थर करा:

– पिवळा: सर्वांत मोठा आकार, मधे मधे आकाशाची आणि सावलीची भोकं ठेवून.
– नारिंगी: पिवळ्याच्या साधारण दोन तृतीयांश, त्याच्या आतच.
– गडद लाल: नारिंगीच्या निम्म्याहून कमी, शेंड्यांवर आणि पुढच्या फांद्यांवर.

खालच्या हिरवटपणासाठी वेगळा ब्लॉक लागत नाही. तो पिवळ्या ब्लॉकवरच छटा देऊन येईल. मात्र जिथे हिरवट छटा येणार आहे, तिथे लालच्या ब्लॉकवर काहीही ठेवू नका. हिरव्यावर लाल पडला की तपकिरी चिखल होतो. "लाल तपकिरी झाला" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

उरलेले तीन ब्लॉक: काळी रेषा, पूल आणि कौलांचा राखाडी, आकाश.

तपासा: तीन ट्रेसिंग पेपरवर तीन थर रंगवून एकमेकांवर ठेवा आणि खिडकीला धरा. लाल थर काढून घेतल्यावरही झाड झाडच दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर पिवळ्याची भोकं चुकली आहेत.

सावध: दाराशी तोरी, म्हणजे दोन खांब-दोन आडव्यांची कमान, काढायचा मोह होतो. ती शिंतो देवस्थानाची खूण आहे. तोफुकु-जी हे झेन बौद्ध मंदिर, तिथे भव्य 'सानमोन' दरवाजा असतो.

## टप्पा २: चित्र ब्लॉकवर उलटं चिकटवणं

काळ्या रेषेचं चित्र पातळ कागदावर काढा आणि चित्राची बाजू खाली करून ब्लॉकवर खळीने चिकटवा. खळ बोटाने अगदी पातळ पसरा आणि कागद मधून कडेकडे दाबत जा. अर्धवट वाळल्यावर मागचा थर बोटाच्या पेराने हळूहळू चोळून काढा, म्हणजे रेषा स्वच्छ दिसतात. तेलाचा एक थेंब पसरला की आणखी उठून येतात.

चित्र सरळ बाजूने चिकटवलं तर पूल उलट्या दिशेला जातो. नुसत्या झाडांत हे कळणार नाही. ओळखीच्या जागेत आणि सहीच्या अक्षरांत लगेच कळतं.

## टप्पा ३: काळा ब्लॉक आणि केंतो कोरणं

केंतो म्हणजे कागद दर वेळी त्याच जागी बसवण्याच्या दोन खाचा. ब्लॉक समोर ठेवल्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी 'कागी' आणि त्याच खालच्या कडेवर डावीकडे सरळ 'हिकित्सुके'. दोन्ही चित्राच्या बाहेर, कागदाची कड जिथे टेकते तिथे. त्यांच्या रेषा मूळ चित्रातच काढलेल्या असाव्यात. नंतर अंदाजाने टाकू नका.

रेषा कोरताना सुरीचं टोक रेषेपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे रेषेचा पाया रुंद आणि माथा अरुंद राहतो. उलट कललेल्या सुरीने रेषेचा पाया पोखरला जातो आणि बारेनच्या दाबाखाली ती तुटते. आधी रेषेच्या दोन्ही कडा कापा, मग थोड्या अंतरावर दुसरा काप देऊन मधला काप उचला, आणि शेवटी मोकळी जागा गोल पटाशीने साफ करा. रेषेजवळ दोन-तीन मिलिमीटर खोली पुरते. रुंद मोकळ्या जागेत जास्त हवी, तिथे ओला कागद झुकून डाग घेतो.

केंतो सर्वांत शेवटी, धारदार सरळ पटाशीने कोरा. उभी भिंत अगदी ताठ, खोली जेमतेम एक मिलिमीटर.

सावध: दुसरा हात कायम पात्याच्या मागे. बोथट सुरीला जास्त जोर लागतो आणि जोर लावलेली सुरीच घसरते. अर्ध्या तासाने धारेच्या दगडावर दोन हात मारा.

## टप्पा ४: रंगाचे ब्लॉक

काळा ब्लॉक तयार झाल्यावर त्यावरून केंतोच्या खुणांसकट पाच पातळ प्रती काढा. यांना 'क्योगो' म्हणतात. प्रत्येक प्रतीवर त्या-त्या रंगाचा भाग लाल पेन्सिलने भरा, ती उलटी करून त्या ब्लॉकवर चिकटवा आणि कोरा. आकाराबरोबर केंतोही त्याच प्रतीवरून कोरायचे. सगळे ब्लॉक एकाच आईची लेकरं असली तरच रंग जागेवर बसतात.

क्योगो कोरड्या किंवा अगदी किंचित ओलसर कागदावर काढा. ओला कागद फुगलेला असतो. वाळताना तो आकसतो, आणि त्यावरून कोरलेला ब्लॉक चुकीच्या मापाचा होतो.

तपासा: सहाही ब्लॉकवरून साध्या कागदावर एक-एक रंग छापा. एखादा रंग सगळ्या कागदांवर एकाच दिशेला, तेवढाच सरकला असेल तर केंतो चुकला आहे. भिंत किंचित तासा किंवा लाकडाचा पातळ कपचा चिकटवा. प्रत्येक कागदावर वेगळ्या दिशेला सरकत असेल तर केंतोला हात लावू नका. तो दोष ओलाव्याचा किंवा तुमच्या हाताचा आहे.

हा फरक मी किंमत देऊन शिकलो. पुण्यात एप्रिलमध्ये पंखा चालू ठेवून छापत होतो. तिसऱ्या रंगापर्यंत लाल पानं फांदीपासून मिलिमीटरभर सुटली. मी केंतो तासला. दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा नीट ओले केले, तर तीच पानं विरुद्ध बाजूला गेली. केंतो आधी बरोबर होता. कागद वाळून आकसला होता. तो ब्लॉक मला पुन्हा कोरावा लागला.

## टप्पा ५: कागद ओला करणं

हे छपाईच्या आदल्या संध्याकाळी करायचं. सकाळी उठून घाईने कागदावर पाणी फिरवून हे काम होत नाही.

१. बारा चांगल्या प्रती हव्या असतील तर पंधरा कागद घ्या. सगळे एकाच दिशेच्या धाग्याचे, एकाच मापाचे. कागी आणि हिकित्सुकेला टेकणाऱ्या कडा स्वच्छ कापलेल्या.
२. कोऱ्या न्यूजप्रिंटवर रुंद ब्रशने पाणी फिरवा. छापील रद्दी वापरू नका, शाई उतरते.
३. एक ओला न्यूजप्रिंट, त्यावर दोन कोरडे छपाईचे कागद, पुन्हा एक ओला, असा गठ्ठा रचा.
४. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, वर सपाट फळी आणि थोडं वजन. रात्रभर तसाच राहू द्या.
५. सकाळी कागद वर-खाली अदलाबदल करून तासभर पुन्हा गुंडाळा. कडा आणि मध्य सारखे होतात.

किती ओला हवा, हे मापाने सांगता येत नाही. इस्त्रीआधी पाणी शिंपडून गुंडाळून ठेवलेलं सुती कापड थोड्या वेळाने उघडल्यावर हाताला जसं लागतं, नेमकं तसं. गालाला लावला तर गार लागला पाहिजे, ओला नाही. उजेडात तिरका धरला तर पृष्ठभागावर चमक दिसता कामा नये. चमक म्हणजे पाणी वर आहे, आत गेलेलं नाही. तो कागद रेषा फोडणार. कोपऱ्यात धरल्यावर कागद मऊपणे लोंबायला हवा, कडक उभा राहिला तर कोरडा आहे.

छपाई चालू असताना पंखा बंद. एका वेळी एकच कागद गठ्ठ्यातून बाहेर, आणि छापला की लगेच दुसऱ्या ओलसर गठ्ठ्यात, प्लॅस्टिकखाली. उन्हाळ्यात दर रंगानंतर वरच्या न्यूजप्रिंटवर पाण्याचा हलका हात द्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उलट काळजी: ओला गठ्ठा दोन दिवसांत बुरशी धरतो. काम एका दिवसात संपत नसेल तर गठ्ठा फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

तपासा: पहिला आणि शेवटचा कागद एकमेकांवर ठेवून कडा जुळवा. फरक दिसला तर ओलावा सारखा नाही. छपाई सुरू करू नका.

## टप्पा ६: छपाईचा क्रम

काळी रेषा, पिवळा, नारिंगी, राखाडी, आकाश, गडद लाल. रेषा आधी, मग पानांचे रंग फिक्याकडून गडदाकडे. लाल शेवटी ठेवण्याची दोन कारणं. ताजा दाट लाल पुढच्या ब्लॉकला आणि गठ्ठ्यातल्या शेजारच्या कागदाला लागतो. आणि बाकीचं सगळं चित्र समोर असल्यावरच लाल किती हवा ते कळतं.

प्रत्येक रंगाची कृती एकच. कोरडा ब्लॉक आधी ओल्या फडक्याने पुसा. ब्रशने रंगाचे दोन-तीन ठिपके, शेजारी वाटाण्याएवढी खळ. ब्रश गोल फिरवून दोन्ही मिसळा, मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने अगदी हलके शेवटचे हात. याच वेळी कान द्या. पाणी जास्त असेल तर ब्रश चपचप वाजतो. प्रमाण जमलं की कोरडसर, सारखी सळसळ ऐकू येते आणि ब्लॉकवर ओल्या दगडासारखी मंद झळाळी दिसते. कडांना रंगाचं तळं साचलं असेल तर कागद टाकू नका.

कागद धरताना उजव्या हाताच्या बोटांत कागीचा कोपरा, डाव्या हातात हिकित्सुकेची कड. आधी कागी, मग हिकित्सुके, मग बाकीचा कागद हळूच सोडा. पाठीवर बेकिंग पेपर ठेवून बारेन घासा. जोर मनगटातून नाही, खांद्यातून. पहिले दोन छाप रद्दीवर काढा, कोरडा ब्लॉक ते खातोच.

काळी रेषा. खळ अगदी नावाला. शाई पाणचट असली की धाग्यांतून पसरते.

पिवळा आणि हिरवट छटा. ही 'बोकाशी', म्हणजे हळूहळू विरत जाणारी छटा. ओलसर ब्लॉकवर आधी सगळीकडे पिवळा, मग खालच्या कडेला थोडा हिरवा. ब्रशचं एकच टोक हिरव्यात ठेवून आडवे हात मारत वर या. हिरवं टोक वर जाऊ द्यायचं नाही. दोघांमधली सीमा दिसली तर ब्लॉक कोरडा होता.

नारिंगी. इथे घाई नको. पिवळा कागदात मुरू द्या. गठ्ठ्यात दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पिवळ्याशिवाय थेट कागदावर छापलेला लाल गुलाबी आणि थंड दिसतो. खालून पिवळा असला की त्याच लालमागे ऊन असल्यासारखं वाटतं.

राखाडी. काळ्या शाईत बरंच पाणी आणि चिमूटभर गेरू. शुद्ध राखाडीने पूल सिमेंटचा दिसतो.

आकाश. वरच्या कडेला प्रशियन निळ्याचा अरुंद पट्टा, खाली येत विरणारा. तो पानांच्या पिवळ्याला लागण्याआधी संपला पाहिजे, नाहीतर शेंडे हिरवे होतील. एकदाच गडद छापण्यापेक्षा फिका दोनदा छापा.

गडद लाल. खळ बाकी रंगांपेक्षा थोडी जास्त, पाणी कमी. छाप उचलल्यावर पानांत पांढरे कण दिसले तर त्याला 'गोमाझुरी' म्हणतात, गोमा म्हणजे तीळ. कारणं तीन: खळ कमी, दाब कमी, कागद कोरडा. याच क्रमाने तपासा. कागद अजून केंतोत असेल तर अर्धाच उचलून पाहा, पुन्हा सोडा आणि घासा. पूर्ण काढल्यावर तसाच परत बसत नाही. लाल अजून खोल हवा वाटला तर रंग दाट करू नका. सगळे कागद एकदा संपवा आणि त्याच ब्लॉकवरून दुसरा पातळ हात द्या. दाट रंग कडांना साचतो आणि पानांची टोकं बुजतात.

## टप्पा ७: वाळवणं आणि आवरणं

प्रिंट दोरीवर लावू नका, कडा वाळतात आणि मध्य फुगतो. टिपकागदांच्या मधे, वर फळी आणि वजन. पहिल्या दिवशी टिपकागद दोनदा बदला, नंतर रोज एकदा. आपल्या दमट हवेत तीन दिवस लागू शकतात. गालाला गार लागते तोवर प्रिंट वाळलेली नाही.

वाळल्यावर लाल थोडा फिका दिसेल. ओला कागद रंग गडद दाखवतो. म्हणूनच पहिली चाचणी प्रिंट पूर्ण वाळवून बघितल्याशिवाय उरलेल्या प्रतींवर शेवटचा लाल चढवू नका. तोवर गठ्ठा फ्रिजमध्ये ठेवा.

ब्लॉक साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा, साबण नको. सावलीत उभे ठेवून दोन्ही बाजूंनी वाळू द्या. आडवा ठेवलेला ब्लॉक एका बाजूने वाळतो आणि वाकतो, आणि वाकलेल्या ब्लॉकवर केंतो कितीही नीट असला तरी कागद टेकत नाही. प्रत्येक ब्लॉकच्या कडेला पेन्सिलने रंगाचं मिश्रण, छापांची संख्या आणि त्या दिवशीचा महिना लिहून ठेवा. ऑगस्टमध्ये जमलेलं पाण्याचं प्रमाण मार्चमध्ये चालत नाही.